अठ्ठाविसाव्या वर्षी नोकरी सोडून पुन्हा एम. ए.? तेही पुरातत्त्वात? अनुभव हवेत

तगर
नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा.

मी मूळची बार्शीची. सोलापूर विद्यापीठातून मेकॅनिकल केलं, सध्या चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत डिझाइनला आहे. वय २८. पगार चांगला, साहेब चांगले, काम जमतं. नोकरीला कंटाळून विचारत नाहीये, हे आधीच सांगते.

बार्शीहून तेर जवळ. शाळेत असताना तिथलं रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय पहिल्यांदा बघितलं. हस्तिदंती मूर्ती, भाजक्या मातीच्या बाहुल्या, मणी, नाणी. गावातल्या एका माणसाने पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडांवरून वेचून जपलेल्या वस्तूंमधून हे उभं राहिलं. 'पेरिप्लस' या प्राचीन ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत ज्या तगरचा उल्लेख आहे, जिथून माल भडोचच्या बंदरात जायचा, ते हेच तेर. तेव्हापासून हा विषय डोक्यातून गेला नाही. इंजिनिअरिंग करताना नाही, नोकरीतही नाही.

आता डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचं एम. ए. करावं असं पक्कं वाटतंय. प्रश्न तीन.
नोकरी सोडून पूर्ण वेळ करावं, की आधी दूरस्थ काहीतरी करून बघावं?
बाहेर पडेन तेव्हा तिशी आलेली असेल. पुढे काय?
आणि घरच्यांना कसं सांगावं? आई एकच वाक्य बोलली, "इंजिनिअर होऊन खापरं गोळा करणार?"

वऱ्हाडी_ठेचा
आईले सांग, खापरंच गोळा करनार, पन दोन हजार वर्षांपूर्वीची! :)
शुभेच्छा पोरी. वाचत आहो.

खापरवेडा
तगर, मी डेक्कन कॉलेजातूनच एम. ए. केलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. माझ्या वर्गात बी. एस्सी., बी. कॉम., एक आर्किटेक्ट, असे सगळे होते. विषयही तसेच आहेत. प्रागितिहास आहे, नाणी आणि शिलालेख आहेत, पण त्याचबरोबर प्राण्यांच्या हाडांचा अभ्यास, जळक्या धान्याचा अभ्यास, नदीच्या गाळाचा अभ्यास हेही आहे. इतिहासाची पदवी नसल्याने अडेल असं समजू नकोस. वाचन जास्त करावं लागेल एवढंच.

दुसरी गोष्ट, डिझाइनमधलं तुझं काम इथे थेट उपयोगी आहे. उत्खननात सगळ्यात मोलाचं असतं ते खोदणं नव्हे, नोंद. खड्ड्याच्या उभ्या भिंतीत थर दिसतात, त्यांचं मापात चित्र काढायचं असतं. प्रत्येक वस्तू कुठल्या थरात, किती खोलीवर मिळाली ते लिहायचं असतं. हल्ली टोटल स्टेशन या इलेक्ट्रॉनिक मोजणीयंत्राने मोजणी होते, शेकडो फोटो जोडून त्रिमितीय प्रतिकृती करतात. ज्याला कॅड येतं आणि मापातली चूक खुपते, असा माणूस प्रत्येक साइटवर हवा असतो.

तिसरी गोष्ट, काम कष्टाचं आहे. हंगाम थंडीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. पहाटे उठायचं, तंबूत किंवा गावातल्या शाळेत राहायचं. दुपारी खापरं धुवायची, वाळवायची, प्रत्येकावर बारीक अक्षरात साइटचं नाव आणि थर लिहायचा, मग प्रकारांनुसार लावायची. दिवसच्या दिवस एवढंच. ज्याला यात गोडी वाटते तो टिकतो. सोन्याचा हंडा शोधायला येणारे पहिल्याच हंगामात पांगतात.

म्हणून माझा सल्ला: राजीनाम्याआधी एखाद्या साइटवर किंवा निदान गावसर्वेक्षणात थोडे दिवस तरी काम कर. विभागात जाऊन शिक्षकांना भेट. लोक बोलतात, मदत करतात.

तटस्थ_काका
सर्वांचा रोष पत्करून वेगळं लिहितो. छंद आणि पदवी यांची गल्लत होते आहे. तेरच्या संग्रहालयावर प्रेम आहे ना? मग शनिवार-रविवार लेणी बघा, पुस्तकं वाचा, भांडारकर संस्थेचे ऑनलाइन वर्ग करा, मोडी आणि ब्राह्मी शिका. त्यासाठी स्थिर नोकरी कशाला सोडायची? माझ्या माहितीतल्या कितीतरी मंडळींनी नोकरी सांभाळून मंदिरांवर उत्तम काम केलं आहे. पदवीचा कागद नसल्याने त्यांचं काही अडलं नाही.

खापरवेडा
काका, मंदिरांच्या आणि लेण्यांच्या बाबतीत तुमचं म्हणणं खरं आहे. हौशी अभ्यासकांचं महाराष्ट्रावर मोठं ऋण आहे, खुद्द लामतुरे हेच त्याचं उदाहरण. पण उत्खनन हौसेने करताच येत नाही. त्याला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो आणि तो संस्थांना मिळतो. साइटवर जबाबदारीचं काम, सर्वेक्षणातली किंवा राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयातली तांत्रिक पदं, नेट (प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षा), पीएच. डी., सगळीकडे त्या विषयातली पदव्युत्तर पदवी मागतात. तिला खोदायचं असेल तर पदवी हवीच. फक्त बघायचं असेल तर नको.

सांजवात
खापरवेडा यांचं शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. पदवी नेमकी कशासाठी, हे आधी ठरव.

मी बँकेत असताना तिशीच्या आत इग्नूमधून मानसशास्त्रात एम. ए. केलं. स्वाध्याय हाताने लिहून द्यायचे, जून-डिसेंबरला परीक्षा, वर्षभर रात्रीचा अभ्यास. मला समुपदेशनाचं स्वयंसेवी काम करायचं होतं, ते आजही करते, समाधानी आहे. पण माझ्याबरोबरच्या काही जणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं म्हणून आल्या होत्या. त्यासाठी पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं वेगळं, पूर्ण वेळ प्रशिक्षण लागतं, हे त्यांना एम. ए.च्या दुसऱ्या वर्षी कळलं. आता तर यूजीसीने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासारखे आरोग्यसेवेशी जोडलेले अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने चालवायलाच मनाई केली आहे.

तेव्हा ज्या खुर्चीत शेवटी बसायचंय तिच्या जाहिरातीतली अट आधी वाच. नंतर मागे मागे येत अभ्यासक्रम निवड.

काळा_कोट
सांजवात, अगदी. आमच्या क्षेत्रातही हेच. नोकरी करत तीन वर्षांचं एलएल. बी. करायला बरेच जण येतात. सीईटी देतात, प्रवेश घेतात, आणि मग बार कौन्सिलचा ७० टक्के हजेरीचा नियम समोर येतो. पूर्ण वेळ पगारी नोकरीत राहून वकिलीची सनद वापरता येत नाही, हेही अनेकांना उशिरा कळतं.

मी एकतिसाव्या वर्षी गेलो. आधी फार्मा कंपनीत गुणवत्ता विभागात होतो. वर्गात विशीची पोरं, मला 'सर' म्हणायची, आठवड्याभरात 'दादा' म्हणायला लागली. एक गोष्ट ठामपणे सांगतो: दुसऱ्या खेपेला माणूस वेगळा शिकतो. विशीत मी परीक्षेपुरतं वाचत होतो. तिशीत शिक्षकांना वर्ग संपल्यावर अडवून प्रश्न विचारत होतो, कारण प्रत्येक कलमामागे मला कारखान्यातला एखादा प्रसंग दिसत होता. ती तीन वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात जिवंत वर्षं आहेत. आज पेटंटचं काम करतो, पहिल्या पदवीतलं काहीही वाया गेलेलं नाही.

तगर
सगळ्यांचे मनापासून आभार. खापरवेडा, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. 'गावातल्या शाळेत राहायचं' इथे ती थांबली आणि म्हणाली, "बायकांची सोय असते का, ते विचार."
काका, तुमचा मुद्दा मी स्वतःलाही बऱ्याचदा विचारला आहे. मला खोदायचं आहे.

चाफेकळी
सोय असते. :) मी दोन हंगाम साइटवर होते. मुलींचा तंबू वेगळा असतो, बाई प्राध्यापक असतातच असं नाही, पण सीनिअर मुली असतात. गावातल्या बायका कामावर येतात, त्या आठवड्यात जीव लावतात. स्वच्छतागृहाचा प्रश्न मात्र जाण्याआधी स्पष्ट विचारायचा, लाजायचं नाही. काही ठिकाणी उत्तम व्यवस्था होती, एका ठिकाणी अजिबात नव्हती आणि आम्ही भांडून करून घेतली.

मोजूनमापून
मला दुसऱ्या प्रश्नाची काळजी वाटते. जेआरएफला, म्हणजे नेटमधून मिळणाऱ्या संशोधन फेलोशिपला, वयाची अट ३० आहे. तगर २८ ची, एम. ए. संपेपर्यंत ३०. म्हणजे फेलोशिपचं दार बंद. मग पीएच. डी. काय स्वतःच्या पैशाने करणार?

चाफेकळी
मोजूनमापून, ३० ही अट खुल्या गटातल्या पुरुषांना. महिलांना पाच वर्षांची सवलत आहे, कुठल्याही प्रवर्गातल्या. म्हणजे ३५. ओबीसी (नॉन-क्रीमीलेअर), एससी, एसटी, दिव्यांग आणि तृतीयपंथी उमेदवारांनाही पाच वर्षं. एम. ए.च्या शेवटच्या वर्षाला असतानाही परीक्षा देता येते. जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये, अधिक घरभाडं. आणि नुसती सहायक प्राध्यापक होण्यापुरती नेट असेल तर वयाची अटच नाही. महाराष्ट्र-गोव्यासाठीची सेट ही तशीच राज्य पातळीवरची परीक्षा पुणे विद्यापीठ घेतं, तिलाही नाही.
एम. ए.ला खुल्या गटातून ५५ टक्के मात्र हवेत.

मोजूनमापून
धन्यवाद चाफेकळी, महिलांच्या सवलतीचं माहीत नव्हतं. मग चित्र बरंच बदलतं.

हिशेबनीस
पैशाचं कोणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो. वैयक्तिक पैलूंमध्ये पडत नाही.

सरकारी अनुदानित संस्थेत एम. ए.ची फी हा मोठा खर्च नसतो. मोठा खर्च म्हणजे दोन वर्षं न मिळालेला पगार. तो आकडा कागदावर लिही, घाबरू नकोस, पण लिही. त्यापुढे राहणं-खाणं, आणि अभ्यासक्रमानंतर काम मिळेपर्यंतचं अर्धं-एक वर्ष. तेवढे पैसे बाजूला झाल्याशिवाय राजीनामा देऊ नकोस. वर्षभर थांबावं लागलं तर थांब.

कोणीच सांगत नाही ती गोष्ट आरोग्य विम्याची. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आईवडील असतील तर नोकरी सुटली की ते संरक्षण गेलं. वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा काळ असू शकतो. सामूहिक पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, पण त्यासाठी नोकरीत असतानाच अर्ज करून ठेवायचा. हे काम राजीनाम्याच्या आधीचं.

पीएफला हात लावू नकोस. सलग पाच वर्षं सेवा पूर्ण होण्याआधी काढला तर करही लागतो. गृहकर्ज, गाडीचा हप्ता असेल तर आधी तो निपटव. शैक्षणिक कर्ज घेतलंसच तर व्याजावर प्राप्तिकरात सूट आहे, आठ वर्षांपर्यंत, पण फक्त जुन्या करप्रणालीत.

वऱ्हाडी_ठेचा
हिशेबनीस भाऊ, तुमच्यासारखा मानूस प्रत्येक घरात पाहिजे न बाप्पा. +१

नेकारकाठ
मी जर्मनीतून लिहितेय, ट्युबिंगेनला आहे. पुण्यात एक एम. एस्सी. झाली होती, इथे दुसरी करतेय. परदेशाचा विचार कोणी करत असेल तर:

इथल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांमध्ये शिक्षणशुल्क नाही, पण आमचं बाडेन-व्युर्टेम्बेर्ग अपवाद. युरोपीय संघाबाहेरच्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो पडतात. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात दाखवावे लागतात, २०२४ च्या सप्टेंबरपासूनचा आकडा हा. भारतीयांना एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी) लागतं, त्याला वेळ धरून चाला. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं.

आधीची एक मास्टर्स असताना दुसरी का, हा प्रश्न व्हिसाच्या वेळी येतोच. त्याचं खरं आणि नेमकं उत्तर तयार ठेवावं लागतं. माझ्या वर्गात तिशी-पस्तिशीचे बरेच आहेत, एक जण सुतारकाम सोडून आलाय, कोणाला त्याचं काही वाटत नाही. मला इथली सगळ्यात आवडलेली गोष्ट तीच. आपल्याकडे 'आता या वयात?' विचारतात ना, त्याने किती माणसं दारातूनच परत जातात याचं मला फार वाईट वाटतं.

पण तगर, तुझा विषय दख्खनचा आहे. त्यासाठी दख्खनमध्येच शिकणं मला योग्य वाटतं. इथे नंतर ये, एखादं तंत्र शिकायला.

विद्यापीठ_रस्ता
नेकारकाठ यांना अनुमोदन. डेक्कन कॉलेजचा स्वतःचाच इतिहास या धाग्याला शोभणारा आहे. सुरुवात १८२१ ची, टिळक तिथलेच विद्यार्थी, त्यांची खोली अजून जपली आहे. १९३४ ला कॉलेज बंद झालं होतं. १९३९ ला पुन्हा उघडलं ते पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून, आणि त्याच वर्षी पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि मानवशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे तिथे रुजू झाले. संस्कृतचा जो महाकोश तिथे चाललाय त्याचं काम १९४८ पासून सुरू आहे. अशा जागी दोन वर्षं कोणाचीही वाया जात नाहीत.

जुनी_पेठ
इरावतीबाई स्कूटर चालवत पुण्यात फिरायच्या तेव्हा लोक थांबून बघायचे, असं माझी आजी सांगायची. आजी स्वतः त्यानंतर सायकल शिकली, चाळिशीत!

विद्यापीठ_रस्ता
वा! आजींवर स्वतंत्र धागा हवा.

जुनी_पेठ
काढते नक्की. फोटो आहे सायकलवरचा, नऊवारीत.

घोडकाठ
अवांतरात माझीही भर. मी शिरूर तालुक्यातला. आमच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पंधराएक वर्षं खोदकाम केलं. आमचे आजोबा तिथे मजुरीला जायचे. सांगायचे, पोरांना दोन मडक्यांत तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीतच पुरलेलं, आणि मोठ्या माणसांचे घोट्यापासून पाय तोडलेले. आजोबा शिकलेले नव्हते, पण पांढऱ्या मातीत भिंतीची रेघ कुठे ते त्यांना साहेबांच्या आधी दिसायची. साहेब लोक त्यांना विचारून खोदायचे, याचा त्यांना मरेपर्यंत अभिमान होता.

तगरताई, तुम्ही शिकून साइटवर जाल तेव्हा गावच्या माणसांची नावं अहवालात लिहा. एवढी विनंती.

खापरवेडा
घोडकाठ, तुमच्या आजोबांसारख्या माणसांकडून आम्ही सगळे शिकलो. मातीचा रंग ओलावा बदलला की कसा पालटतो हे मला प्राध्यापकांनी सांगितलं, पण दाखवलं एका मजूर काकांनी. दायमाबादची ती प्रसिद्ध काशाची शिल्पं, रथ, हत्ती, गेंडा, म्हैस, १९७४ ला सापडली ती छाबू लक्ष्मण भिल्ल यांना. नाव नोंदलं गेलं म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे. तुमची विनंती रास्त आहे.

मीरजमळा
मी एका मुलीची आई म्हणून लिहिते. तिसऱ्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही.

माझी मुलगी सत्ताविसाव्या वर्षी नोकरी सोडून भाषाशास्त्र शिकायला गेली. मी दोन महिने तिच्याशी धड बोलले नाही. तिला वाटायचं मला लोकांची भीती आहे. तसं नव्हतं. आम्ही पोटाला चिमटा घेऊन तिला इंजिनिअर केलं, ते तिला नकोसं झालं की काय, हे मला लागलं होतं. एक दिवस तिने मला शेजारी बसवून तिचा प्रकल्प दाखवला. आमच्याकडच्या बोलीतले शब्द, माझ्या आईच्या तोंडचे, तिने टिपून ठेवले होते. त्या दिवशी माझं मन वळलं.

बाळा, आईला लेक्चर देऊ नकोस, तेरला घेऊन जा. आणि पैशाचा कागद, तो हिशेबनीस म्हणतात तो, वडिलांच्या हातात दे. लग्नाचं विचारतील. त्यांना सांग, जो येईल त्याला हे माहीत असलेलं बरं.

चाफेकळी
मीरजमळा काकू, डोळ्यांत पाणी आलं. शेवटचं वाक्य फार आवडलं.

तटस्थ_काका
मीरजमळा आणि खापरवेडा यांचे प्रतिसाद वाचले. माझं मत थोडं बदललं आहे. नोकरी सोडण्याआधी प्रत्यक्ष साइटवर काम करून बघावं, यावर मी अजून ठाम आहे. पण ते बघितल्यावरही इच्छा कायम राहिली, तर जावं. तीस म्हणजे काही वय नव्हे. माझ्या कचेरीत ५८ व्या वर्षापर्यंत 'करायचं राहून गेलं' म्हणणारे पुष्कळ पाहिले.

तगर
पुन्हा एकदा सगळ्यांचे आभार. एवढं जिव्हाळ्याने लिहाल असं वाटलं नव्हतं.

काय ठरलं ते सांगते. दूरस्थ पर्याय सोडला. टिळक महाराष्ट्र विद्यापीठाच्या भारतविद्येच्या अभ्यासक्रमाचाही विचार केला होता, पण मला हाताने काम शिकायचं आहे. येत्या हंगामात रजा साठवून साइटवर जायचं, खापरवेडा यांनी व्यक्तिगत निरोपात दोन ठिकाणं सुचवली आहेत. तोवर विम्याचं काम आणि बचत. मग पुढच्या वर्षी प्रवेशाचा अर्ज. कंपनीत साहेबांशी बोलले. त्यांनी राजीनाम्याआधी बिनपगारी रजेचं मनुष्यबळ विभागाला विचारू म्हणून सांगितलं.

या रविवारी आईबाबांबरोबर तेर. आईने स्वतःच विचारलं, "संग्रहालय सोमवारी बंद असतं ना, मग रविवारीच जाऊ."

घोडकाठ, तुमची विनंती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे.

काळा_कोट
उत्तम. आता कंटाळवाणी पण आवश्यक यादी देतो, कारण प्रवेशाच्या आठवड्यात याच कागदांपायी माणसं रडकुंडीला येतात. सोलापूर विद्यापीठाचं स्थलांतर प्रमाणपत्र. सर्व सत्रांच्या गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र, तात्पुरतं नव्हे. मूळ टीसी अजून जुन्या कॉलेजात असेल तर सोडवून आण. मधल्या वर्षांसाठी खंडाचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्यावं लागेल. कंपनीचं अनुभवपत्रही जोड. आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का ते आजच बघ.

तगर
नाव एकसारखं नाहीये! आधारवर वडिलांचं नाव अर्धंच आहे. उद्याच केंद्रात जाते.

खापरवेडा
जा. आणि साइटवर येताना बूट जुने आण, टोपी रुंद कडेची, आणि तुझी स्वतःची स्टीलची मोजपट्टी. साइटवरच्या मोजपट्ट्या कायम दुसऱ्याच कोणाकडे असतात.